अंबादास अण्णा आणि निळं कूलंट

मंगळवारी सकाळी अंबादास अण्णा दुधाची पिशवी घेऊन आले, जिन्याच्या पायरीवर बसले आणि उठले नाहीत. मी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. त्यांच्या मुलीला, श्रावणीला, फोन मी केला. ती टेंभुर्णीहून निघाली आणि दुपारी पोचली.

त्यानंतर बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. लिहिणं हे माझं काम नव्हे, लिहिलेलं जागेवर ठेवणं हे माझं काम. पण आमच्या बोळात आता कोणी मोठ्यानं बोलत नाही. अण्णा होते तेव्हा मी खिडकी लावून वाचत असे. आता खिडकी उघडी असते आणि पान पुढे सरकत नाही. म्हणून थोडं थोडं लिहून बघतो आहे.

आम्ही एकाच घरात राहत होतो म्हटलं तरी चालेल. खालच्या मजल्यावर ते, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, आणि मुलगी श्रावणी. वर मी एकटा. मधे जिना. अण्णांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. ते स्वतः मात्र मागावर कधी बसले नाहीत. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात, रंगखान्यात ते शेड मास्टर होते. म्हणजे असं, की लांबच्या कुठल्या तरी देशातून एखादं गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा पाठवणार, आणि अण्णांनी तोच रंग गाडीभर टॉवेलांवर जसाच्या तसा उतरवायचा. जरा फिका झाला तर माल परत. त्यांच्या हातचा माल परत आल्याचं मी कधी ऐकलं नाही. आला असता तर नक्कीच ऐकलं असतं, कारण अण्णांच्या आयुष्यातली कुठलीच गोष्ट आम्ही ऐकली नाही असं होत नसे.

कारखान्यात कोणती ऑर्डर चालू आहे हे त्यांच्या नखांवरून कळायचं. नखं जांभळी असली की वहिनी म्हणायच्या, "या आठवड्यात भाकरी मी मोडून देते, तुमी हात लावू नका." रंग कधीच धुतला गेला होता, नखांतला तेवढा उरायचा, पण वहिनींचा त्यावर विश्वास नव्हता.

मला ते 'लायब्ररी' म्हणत. नाव माहीत होतं, पण उपयोगात आणलं नाही. "काय लायब्ररी, आज उघडी का बंद?" असं जिन्यातून ओरडायचे. म्हणजे मी जागा आहे का झोपलोय. सुरुवातीला मी संकोचायचो. पुढे बोळातली बाकीची माणसंही मला लायब्ररीच म्हणायला लागली, आणि भाजीवालीनं एकदा "लायब्ररी, मेथी घ्या की ताजी" म्हटलं तेव्हा मी हरलो.

अण्णांचं एक वाक्य होतं: "ट्यूबलाईट खोटं बोलती. दिवसाच्या उजेडात बघा." रंगखान्यात ते खरंच असतं, दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. पण अण्णांनी हा नियम रंगखान्याच्या फाटकातून बाहेर आणला होता आणि जगाला लावला होता. वांगी ते टोपलीतून उचलून रस्त्याच्या मधे नेऊन बघत. वहिनींच्या भाचीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी दुकानातल्या साड्यांचा अख्खा ढीग खांद्यावर टाकला आणि ते फुटपाथवर गेले. मागून दुकानातली माणसं पळत. मालक गल्ल्यावरून ओरडतोय, "अण्णा, अहो बिल तरी होऊ द्या!" अण्णा उन्हात साडी उलगडून शांतपणे म्हणाले, "बिल करा की. पण ह्याला तुमी मोरपंखी म्हनताय ते म्हनू नका. मोर बघितलाय मी." शेवटी तीच साडी घेतली. बिलावर मालकाला 'हिरवट निळी' असं लिहायला लावलं.

श्रावणीला सांगून आलेल्या एका मुलाचा फोटोही त्यांनी अंगणात नेऊन बघितला होता. "बरा हाय," म्हणाले, "पन वॉशिंगला टिकायचा न्हाय."

श्रावणी त्यांची एकुलती एक. जनावरांच्या दवाखान्याचं शिक्षण घेतलं आणि पशुधन पर्यवेक्षक म्हणून टेंभुर्णीजवळच्या एका गावात तिला नोकरी लागली. गुरांना लस टोचायची, गाईम्हशींची बाळंतपणं करायची, उसाच्या फडाफडांतून फिरून जनावरं बघायची. त्यासाठी गाडी हवी. आठवडाभर ती टेंभुर्णीत खोली घेऊन राहायची, शनिवारी सोलापूरला यायची आणि सोमवारी पहाटे परत. हा हमरस्ता मोटरसायकलवरून एकटीनं कापायचा, हे तिच्या मोठ्या मामांना पसंत नव्हतं.

मामा वाईट माणूस नव्हते. वहिनींना वडील नव्हते. त्यांचं लग्न मामांनीच करून दिलं होतं. त्यामुळे त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. ते म्हणाले, "पोरगी हायवेवर एकटी, गाडी बंद पडली तर? कुनाकडं बघायचं तिनं?" अण्णा उसळले, "बंद पडतीच कशी? मी हाय न्हवं!" मामा म्हणाले, "मग ठरलं. रस्त्यात गाडी बंद पडून पोरगी एकदा जरी उभी राहिली, तर नोकरीचा राजीनामा." अण्णांनी सगळ्यांसमोर "ठरलं" म्हटलं आणि वर टाळीसाठी हात पुढे केला. श्रावणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "माझी नोकरी लावलीत व्हय पणाला? तुमच्या शर्टाची बटणं लावा की."

गाडी तिनंच निवडलेली, कोणीतरी वापरून विकलेली, दणकट. तिच्या इंजिनाभोवती पाणी फिरतं. ते इंजिनाची उष्णता घेतं, पुढच्या जाळीत येऊन वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. या पाण्याला कूलंट म्हणतात. ते नुसतं पाणी नसतं, गंज धरू नये, उकळू नये म्हणून त्यात औषधं घातलेली असतात. आजूबाजूच्या स्कूटरी आणि साध्या मोटरसायकली नुसत्या वाऱ्यावर गार होतात, त्यांना हे लागत नाही. मला यातलं काही माहीत करून घ्यायचं नव्हतं. पण अण्णांशेजारी राहून माहीत न होणं शक्य नव्हतं.

एका बाबतीत अण्णांचं अगदी बरोबर होतं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, बाकी बोअरचं. त्या बोअरच्या पाण्यानं तांब्याला आतून पांढरा थर चढतो. रंगखान्यात तेच पाणी क्षार काढल्याशिवाय वापरलं तर टॉवेलवर डाग पडतात. म्हणून गाडीत साधं पाणी घालू द्यायला ते कधीच तयार झाले नाहीत. "इंजिनाच्या नसा बारीक असत्यात," म्हणायचे, "त्यात सोलापूरचं पानी घातलं तर मुतखडा हुईल तिला." बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ते आणून ठेवत.

चूक झाली ती रंगात.

त्या वर्षी चैत्रात गाडीच्या बाजूच्या लहान बाटलीतलं कूलंट खालच्या रेघेच्याही खाली गेलं. आधीच्या मालकानं कोणतं घातलं होतं कोणाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी टॉवेलची एक पांढरी पट्टी त्यात बुडवली, वाळवली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून मला स्पेअर पार्टच्या दुकानात नेलं. तिथं फळीवर हिरव्या, निळ्या, गुलाबी, लाल बाटल्या. अण्णांचा चेहरा सणासारखा झाला. त्यांनी निळ्या तेवढ्या सगळ्या काउंटरवर मांडायला लावल्या, मग उचलून बाहेर उन्हात, माझ्या स्कूटरच्या सीटवर ओळीनं.

दुकानदार मागोमाग आला. "अण्णा, गाडीचं पुस्तक बघा. त्यात कोणत्या जातीचं घालायचं ते लिहिलंय. निळं म्हणजे सगळं एकच नसतं."

"पुस्तक कुनी लिहिलं?"

"कंपनीनं."

"कंपनीनं ही पट्टी बघितली हाय का?"

"नाही बघितली."

"मी बघितली की. गप बसा."

त्यांनी एक बाटली पट्टीशेजारी धरली, डोळे बारीक केले, ठेवली, दुसरी धरली. तिसरीला थांबले. "ही," म्हणाले. आवाज खाली आला होता. खरोखरच, पट्टीचा रंग आणि बाटलीतला रंग यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. घरी येऊन त्यांनी जुनं निम्मं उपसून काढलं, त्यात नवं ओतलं, आणि बोळातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. "जोड कुटं हाय सांगा. दिवसाच्या उजेडात सांगा." कोणालाही जोड दिसला नाही. दिसायचा प्रश्नच नव्हता. शेडच्या कामात त्यांचा हात धरणारा सोलापुरात नव्हता.

वैशाखातल्या एका सोमवारी, सकाळी, मामा काही निमित्तानं आले होते आणि कॉलेजला सुट्टी म्हणून वहिनींनी मलाही उप्पीट खायला खाली बोलावलं होतं. अण्णांचा फोन वाजला.

"हां अम्मा, बोल," अण्णा म्हणाले. मुलीला ते अम्माच म्हणत, आणि ती त्यांना नाना. मग थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांचा घास हातातच थांबला. "वाफ?" असं मोठ्यानं म्हणाले, आणि मामांकडं बघून पुढं, "वाफ कसली, उन्हाळा हाय, वाफा येनारच की! सावलीत बस. झाकन उघडू नको, भाजंल." मामांनी मान वर केली. "पान्याच्या बाटलीचं झाकन म्हनतोय मी! गरम पानी पिऊ नये मानसानं!"

फोन ठेवला. मामा म्हणाले, "काय झालं?"

"काय न्हाय. ऊन लागतंय म्हनती." आणि लगेच माझ्याकडं वळून, "लायब्ररी, तुमी आज मोडनिंबला जानार होता न्हवं का?"

मोडनिंबला माझं कोणी नाही. मी "हो" म्हणालो.

"कशाला?" मामांनी विचारलं.

"पुस्तकं," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचत नाही.

"तितल्या एका मास्तरनी दिलीत कॉलेजला," अण्णा म्हणाले. "जड हायत. मी जातो संगं, धरायला." वहिनी आमच्या दोघांकडं बघत होत्या. त्यांनी अण्णांच्या ताटातलं उप्पीट झाकून ठेवलं आणि काही विचारलं नाही.

मोडनिंबपर्यंत स्कूटरवर, वैशाखात, दोघे मध्यमवयीन. अण्णांनी डोक्याला ओला टॉवेल बांधला होता, तो मोहोळ यायच्या आत वाळून कडक झाला. मांडीवर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. मोहोळपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्या आवाजापासून सुटका शोधत होतो. ती सुटका अशी असेल असं वाटलं नव्हतं.

मोहोळ मागं पडल्यावर मागून आवाज आला. "लायब्ररी, ते माझ्यामुळं झालंय."

"कशावरून?"

"पोरगी म्हनती बाटलीत चहासारखं दिसतंय. वर साय धरलीया. दोन औषधं एकमेकाला मानवली न्हाईत की असं फाटतं. रंगखान्यात बघितलंय मी." त्यांनी मांडीवरचा कॅन सरकवला. मग, "शेड जुळली होती हो. बरोबर जुळली होती."

"जुळली होती," मी म्हणालो.

"रंग तर वरनं घालत्यात. मीच घालतो की रोज! खाली टॉवेल कुठला हाय ते रंगाला काय म्हाईत?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मीच ते विसरलो होतो. "आता राजीनामा द्यायला लागतोय पोरीला. माझ्या टाळीपायी."

मोडनिंबच्या अलीकडं एका ढाब्याच्या कडेला, लिंबाखाली, गाडी उभी होती. हँडलला हेल्मेट लटकवलेलं. श्रावणी नव्हती. अण्णा स्कूटर थांबायच्या आत उतरले. ढाब्यामागं बघितलं, हौदाकडं बघितलं, रस्त्याच्या पलीकडं बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ढाबेवाला कांदा चिरत होता. "ताई व्हय? त्या गेल्या की."

"गेली? कुटं गेली?"

"फोन आला त्यास्नी. म्हस अडलीया म्हनं कुनाची तरी. त्यांनी रस्त्यात हुभं ऱ्हाऊन दुधाचा टेम्पो थांबिवला, पिशवी उचलली अन् बसल्या फुडं. ड्रायव्हरला म्हनल्या, जोरात घे, रेडकू गुदमारतंय. मला म्हनल्या, गाडीवर ध्यान ठिवा, आमचं म्हातारं येतंय." त्यानं अण्णांना न्याहाळलं. "तुमीच का ते?"

अण्णा बाजेवर बसले. फोन लावला, तो पुष्कळ वाजला. शेवटी उचलला गेला. कोणीतरी तिच्या कानाला धरला असावा. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. "नाना, आत्ता नाही. हात आत आहे माझा." आणि बंद.

अण्णा फोनकडं बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता टॉवेलनं डोळे पुसले, आणि तो टॉवेल कडक झालेला असल्यामुळं "आई गं" म्हणाले. ढाबेवाल्याला चहा सांगितला. "दोन साखर जास्त घाला," म्हणाले, "आमचं म्हातारं दमलंय."

गाडी एका रिकाम्या टेम्पोत चढवून आम्ही सोलापूरला आणली आणि बोळाच्या तोंडाशी असलेल्या गिरणीच्या शेडमधे झाकून ठेवली. माझ्या मते हे प्रकरण संपलं होतं. मामांना काही कळायचं कारण नव्हतं. पण संध्याकाळी मामा परत आले, आणि दारातूनच म्हणाले, "कुटं हायत पुस्तकं? बघू तरी."

मी उभा राहिलो. वर जाऊन माझीच चार पुस्तकं घेऊन यावीत असा विचार माझ्या मनात आला होता. अण्णांनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं.

"पुस्तकं न्हाईत," ते म्हणाले. "गाडी बंद पडली."

वहिनी भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला.

"म्हंजे पोरगी रस्त्यावर हुभी होती," मामा म्हणाले.

"न्हवती. आमी गेलो तर नुसती गाडी हुभी होती. पोरगी कवाच कामाला गेली होती. माझी वाट बघत बसली न्हाय ती." अण्णांनी ढाब्यावरचं सगळं सांगितलं, फोनवरचं वाक्यसुद्धा. मामांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

"शब्द दिला होतास तू, अंबादास. राजीनामा ठरला होता."

"ठरला होता. देतो की."

"कोन?"

"मी. चूक कुनाची? कूलंट मी निवडलं, मी वतलं. मग ज्यानं चूक केली त्यानं राजीनामा द्यायचा, का न केली त्यानं?" अण्णांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून मामांच्या पुढ्यात ठेवली. "आजपास्नं गाडीच्या कामातनं मी गेलो. बोल्टाला हात लावनार न्हाय. पोरगी बघंल आपलं आपन. म्हशीच्या पोटात हात घालती, रेडिएटरमधे घालंल."

माणूस आपला हुद्दा सोडताना मी पुष्कळदा पाहिला आहे. कॉलेजात निरोपसमारंभ असतात. इतक्या ओढीनं धरलेली गोष्ट इतक्या सरळपणे खाली ठेवणारा दुसरा कोणी मला आठवत नाही. मामांनी किल्ली बोटानं जरा बाजूला सरकवली. मग त्यांनी विचारलं, "म्हशीचं काय झालं?"

"रेडी झाली," वहिनी आतून म्हणाल्या. म्हणजे त्यांना सकाळपासून सगळं माहीत होतं. "दोगी बी बऱ्या हायत. अन् दादा, तिचा राजीनामा मागायचा असंल तर तिलाच मागा. येईल की शनवारी."

मामांनी किल्ली उचलून वहिनींच्या हातात दिली आणि चहा मागितला. शनिवारी ते आले नाहीत. त्या घरात नोकरी सोडण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

रविवारी सकाळी श्रावणीनं गाडी अंगणात काढली. आठवडाभर उभी असल्यामुळं इंजिन गार होतं. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, लहान मुलांना बसवतात तसे. गाडीचं पुस्तक माझ्या हातात, मी मोठ्यानं वाचायचं. आयुष्यात माझ्या वाचनाला इतका चांगला श्रोता मिळाला नव्हता.

"कुठल्या जातीचं म्हनतंय पुस्तक?"

मी वाचलं. श्रावणीनं आणलेली बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं मला दाखवली. जुळत होतं. पाणी घालून पातळ करण्याचं नव्हतं, थेट ओतायचं होतं.

"रंग हिरवा हाय," अण्णांना राहवलं नाही.

"नाना."

"नुसतं म्हनलं मी. हिरवा हाय तर हिरवा म्हनायचं न्हाय का मानसानं?"

तिनं खाली घमेलं ठेवून बोल्ट सैल केला. बाहेर आलं ते कूलंट नव्हतं, शिळ्या आमटीसारखं काहीतरी होतं. अण्णांनी तोंड फिरवलं. बाजूच्या बाटलीत राहिलेला गाळ तिनं जनावरांना औषध पाजायच्या नव्या कोऱ्या पिचकारीनं ओढून काढला. मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, गाडी थोडी चालवायची, गार होऊ द्यायची, काढायचं, पुन्हा भरायचं. बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दुपार कलली. मधे वहिनींनी तिथंच कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली.

तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. त्यांच्या दारात कुत्री बसू नयेत म्हणून निळ्या पाण्याची बाटली ठेवलेली असते. आमच्या बोळात निम्म्या घरांपुढं असते. "अण्णा, तुमच्याकडं ते निळं उरलंय म्हणे. टाकू नका, मला द्या. बाटलीतला रंग उडालाय माझ्या."

अण्णांचे हात मांड्यांखालून निघाले. "अहो काकू, ते चवीला गोड असतंय! सांडलं अन् कुत्र्यानं चाटलं तर मरतंय!"

"मग येणार नाहीत ना पुन्हा."

"अय्यो," अण्णा म्हणाले, आणि यानंतरचं तेलुगूत म्हणाले. श्रावणी हसून खाली बसली. तिनं सगळं जुनं पाणी आणि उरलेलं निळं कॅनमधे भरून झाकण आवळलं, गॅरेजवाल्याकडं देण्यासाठी वेगळं ठेवलं, आणि काकूंना चिमूटभर नीळ दिली.

मग नवं ओतणं. बारीक धारेनं, थांबत थांबत. आत हवा अडकली तर पाणी फिरत नाही, म्हणून तिनं गाडी डावी-उजवीकडं झुलवली. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. तोंडाशी बुडबुडे यायला लागले.

"बुडबुडे येत्यात अजून!"

"दिसतायत, नाना."

"मोठा आला बग."

"दिसला."

"आता बारीक येत्यात. आता... आता न्हाईत. चूडम्मा, न्हाईत!" 'चूडम्मा' म्हणजे 'बघ गं'. तिला ते दिसतच होतं. तिनं उरलेलं भरलं, झाकण लावलं, बाजूच्या बाटलीत दोन रेघांच्या मधे येईल इतकं ओतलं. अण्णांनी खुर्चीतूनच मान तिरकी करून दोन रेघा तपासल्या, आणि काही न बोलता मान हलवली. त्यांना एवढं कमी बोलताना मी फक्त मोहोळच्या रस्त्यावर पाहिलं होतं.

राजीनामा दिल्यावर ते सल्लागार झाले. रस्त्यात गाडी लावून उभ्या असलेल्या कोणालाही थांबवून विचारायचे, "कूलंट कुठलं घालता?" बहुतेकांच्या गाड्यांना कूलंट नसायचंच. "नसतं? म्हनूनच म्हनतो, एकदा बघून घ्या." स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन बसायचे आणि बाटलीचा रंग विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराआधी झापायचे. "रंगावर जाऊ नका. मी शेड मास्टर हाय, मी सांगतोय." दुकानदार मला म्हणाला, "साहेब, अण्णांना आठवड्यातनं एक दिवस तुमच्या लायब्ररीत न्या की." स्वतःची फजिती ते सगळ्यांना सांगायचे. दर वेळी ती थोडी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तर वाफ मोडनिंबहून सोलापुरापर्यंत दिसत होती.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी. कूलंट पुन्हा बदलायची वेळ झाली होती. श्रावणीनं सकाळीच सगळं उरकलं होतं, मी वाचायची गरजही पडली नव्हती. नवं भरल्यावर एक फेरी मारून, गाडी निवल्यावर पातळी पुन्हा बघायची असते. तिनं विचारलं, "नाना, येता का हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत?"

अण्णा कधी तिच्या मागं बसले नव्हते. त्यांनी पायजमा बदलून पँट घातली, कोणाचं तरी हेल्मेट घातलं आणि ते डोक्यावर गोल फिरून तिरकं बसलं. कुठं धरायचं ते कळेना. आधी सीट धरली, मग तिचा खांदा, मग तिच्या पिशवीचा पट्टा. वहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या. गाडी निघाली, तसं ते खिडकीकडं वर बघून ओरडले, "लायब्ररी! येताना काय आनू?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तिनं गिअर टाकला होता. बोळाच्या तोंडाशी त्यांनी एक हात सोडून हवेत वर केला, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. सोमवारी मी दिवसभर कॉलेजात होतो.

श्रावणी टेंभुर्णीलाच आहे आणि तिची नोकरी चालू आहे. वहिनी कधी तिच्याकडे असतात, कधी इथे. मामा फोन करतात, तेव्हा आधी गाडीची चौकशी करतात. त्या रविवारी भरून उरलेली बाटली माझ्या माळ्यावर आहे. तिच्यात अजून एकदा पुरेल इतकं कूलंट आहे.